खोगीरभरती

पुण्याच्या नाना पेठेत मोटारसायकलच्या सीटा शिवतोय, त्याला चाळीस वर्षं होत आली. लडाखला निघालेली पोरं येतात, एकच मागणं करतात: "काका, एकदम मऊ करा." मी त्यांच्याच सीटमध्ये अंगठा रुतवतो. तो खालच्या पत्र्याला टेकला, की त्यांचं वजन विचारतो.

मऊपणाचा हा सोस मागाहूनचा. दुचाकीची मूळ बैठक भरलेली नव्हतीच, ताणलेली होती. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्सने 1866 मध्ये घोड्याच्या चामडी सामानाचा धंदा काढला. पुढे घोडा मेला, सायकलवर बसायची वेळ आली आणि लाकडी सीटने बूड ठणकलं, तेव्हा तो या कामाकडे वळला, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, 1882 मध्ये त्याने सीटचं पेटंट घेतलं. लोखंडी सांगाडा आणि त्यावर बाजेसारखं ताणलेलं जाड चामडं. आत भरण काहीच नाही. चामडं हळूहळू मालकाच्या हाडांचा ठसा घ्यायचं. पहिले काही महिने मात्र छळायचं.

मोटारसायकल आली ती हीच बैठक घेऊन. सीटखाली जाड स्प्रिंगा असत, कारण मागच्या चाकाला शॉकअ‍ॅब्सॉर्बरच नव्हते. 1949 च्या बुलेटला मागे स्विंगआर्म आणि शॉक आले, तशी सीटखालच्या स्प्रिंगांची गरज सरत गेली. पुढे दोघांची लांब, सलग सीट रुळली: पत्र्याचा तळ, वर भरण, वर रेग्झिन. खरी खोगीरभरती इथून सुरू झाली.

भरायला काय मिळालं? काथ्या होताच. त्याच बर्मिंगहॅममध्ये 1929 साली डनलॉपवाल्यांनी रबराचा चीक फेटून लॅटेक्स फोम केला. आपल्याकडे घरात 'डनलॉपची गादी' म्हणायचे, ती हीच. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायरने पॉलियुरेथेन शोधलं, आणि आज माझ्या दुकानात रचलेले तक्ते त्याच्याच वंशातले. हलकं, स्वस्त, कापायला सोपं. दुकानात बसून पाहिलं तर स्वर्ग. तासाभराने मात्र ते दबतं आणि बैठकीची दोन हाडं पत्रा शोधू लागतात.

हे मला उमजायला एक गिऱ्हाईक गमवावं लागलं. गोव्याला निघालेल्या माणसाला मी चार इंच मऊ फोम भरून दिला होता. सीट उंच झाल्याने सिग्नलला त्याचे पाय टेकेनात आणि कराडच्या पुढे तो उभ्यानेच गाडी चालवत गेला. परत आला तो सीट दाखवायला नाही, पैसे मागायला.

आता मी खाली फोमचा चुरा दाबून केलेला घट्ट तक्ता घालतो, वर जेमतेम बोटभर मऊ. मागे रुंद, पुढे निमुळता. नाहीतर मांड्या घासतात. उतार पुढे नको, ब्रेक मारला की माणूस टाकीवर सरकतो. हाडांखाली शिवण तर कधीच नाही. दाभण कुठे टोचायचं, याचं निम्मं काम डोळ्यांनीच होतं.

रेग्झिन चढवण्याआधी नुसत्या फोमवर प्लॅस्टिक बांधून देतो आणि सांगतो, साताऱ्याला चहा पिऊन या. खेड शिवापूरलाच फोन येतो: "काका, फार कडक झालीय."

"सातारा अजून लांब आहे," म्हणतो आणि फोन ठेवतो.