तीस हजारांत एक

संभाव्यतेचा गुणाकार शिकवताना आपण नाणी नि फासे घेतो. वैद्यकाच्या इतिहासातले एक उदाहरण आम्हाला त्याहून बोलके वाटते.

गर्भ गर्भाशयाऐवजी अंडनलिकेत रुजला, तर नलिका फाटून पोटात रक्तस्राव होतो. बाईच्या जिवावर बेतते. क्वचित एक गर्भ गर्भाशयात आणि त्याच वेळी दुसरा नलिकेत असतो. याची पहिली नोंद १७०८ सालची, फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ द्युव्हर्ने यांची. निदान झाले ते शवविच्छेदनात!

१९४८ साली डीव्हो आणि प्रॅट यांनी हिशेब मांडला. गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा ०.३७ टक्के, दोन स्वतंत्र बीजांपासूनची जुळी ०.८ टक्के. गुणाकार केला, की सुमारे तीस हजारांत एक. पुढे ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांच्या १९५८ च्या शोधनिबंधानंतर प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफी रुळली आणि या आकड्याच्या आधाराने एक सोयीचा नियमही रुळला : गर्भाशयात गर्भ दिसला, आता नलिकेत शोधायला नको.

पण दोन घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तरच असा गुणाकार चालतो. १९७८ साली पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. हा उपचार घेणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या नलिका मुळातच बिघडलेल्या होत्या, आणि यशाची शक्यता वाढावी म्हणून गर्भाशयात एकाहून अधिक भ्रूण सोडले जात. म्हणजे नलिकेतला गर्भ आणि जुळे, दोन्हींची शक्यता एकाच स्त्रीच्या बाबतीत वाढली. (स्टेप्टो व एडवर्ड्स यांनी १९७६ मध्ये कळवलेली गर्भधारणाही नलिकेतलीच होती.) अशा उपचारांनंतर शंभरात एक इतके प्रमाणही नोंदले गेले. कुठे तीस हजार, कुठे शंभर!

रक्ततपासणीही येथे चकवते. एकटा गर्भ नलिकेत असेल तर एचसीजी या संप्रेरकाची वाढ सहसा मंदावते. येथे मात्र गर्भाशयातला निरोगी गर्भ ती नेहमीसारखी ठेवतो. सोनोग्राफीत नलिकेजवळ गाठ दिसली, तरी ती बीजांडकोशातली साधी पुटी समजली जाऊ शकते. म्हणून पोटात दुखत असेल, विशेषतः वंध्यत्वावरील उपचार झाले असतील, तर गर्भाशयात गर्भ दिसल्यावरही योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू तपासतात.

नलिकेतला गर्भ विरघळवणारे मेथोट्रेक्सेट येथे देता येत नाही. ते दुसऱ्या गर्भालाही मारक ठरते. शस्त्रक्रियेने नलिका काढतात. निदान वेळेत झाले, तर गर्भाशयातला गर्भ बहुधा पुढे वाढत राहतो.