चहाचा केक आणि मगनवाडीचा सवाल

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं, की वाटेत आंजी (मोठी) हे गाव येतं. कापूस, तूर, सोयाबीनचा हा मुलूख. तिथं आमच्या नात्यातल्या एका आजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा नातीनं घरीच केक करायचं ठरवलं. तोही साधा नाही, स्ट्रॉबेरी आणि ग्रीन टीचा. आजींनी विचारलं, "चहाचा केक होते काय वं पोरी?" आम्ही हसलो. पण त्या घरात हा प्रश्न तेवढा हलका नव्हता. आजींचे सासरे खादीधारी होते आणि त्यांच्या हयातीत त्या घरात चहाचं आधण कधी चढलं नव्हतं.

असं का, हे समजायला वर्ध्याच्या इतिहासात थोडं मागं जावं लागतं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं वर्ध्यातली मगनवाडी, आणि चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ अशा रोजच्या खाण्याच्या वस्तूंवर तिथं काम चालत असे. त्या साऱ्या खटाटोपामागचा सवाल थोडक्यात सांगायचा तर असा होता : ही वस्तू कोणी केली आणि तिचा पैसा कोणाच्या हाती गेला?

चहा या कसोटीला उतरत नव्हता. मळे मुख्यतः ब्रिटिश कंपन्यांचे. १९०३ च्या कायद्यानं निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. तिकडे मळ्यांवरच्या मजुरांची स्थिती अशी, की १९२१ साली चारगोला खोऱ्यातून हजारो मजूर गांधीजींचा जयजयकार करीत मळे सोडून निघाले. तेव्हा एखाद्या खादीधारी घरानं चहा नाकारला, तर त्यामागं केवळ प्रकृतीची काळजी नसे.

मात्र खुद्द गांधीजींचं म्हणणं आपण समजतो तेवढं सरधोपट नव्हतं. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ते चहाची गोष्ट चीनपासून सांगतात. पाणी नीट उकळलं आहे की नाही, हे ओळखण्यासाठी ते गाळणीतल्या पत्तीवर ओतून पाहत. अशा रीतीनं केलेला चहा अपायकारक नाही, असं ते म्हणतात. त्यांचा आक्षेप आहे तो पत्ती खदखदा उकळून केलेल्या चहाला. त्याच पुस्तकात अंड्याचाही विचार आहे. ज्यातून पिल्लू निघत नाही असं अंडं, दूध चालणाऱ्या माणसाला वर्ज्य असण्याचं कारण नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. केक करणाऱ्या नातीला आणखी काय हवं!

ग्रीन टी ही काही वेगळी वनस्पती नव्हे. आपल्या रोजच्या चहाचंच ते झुडूप. तोडलेल्या पानांना लवकर वाफ किंवा कोरडी आच दिली, की ती काळी पडत नाहीत, हिरवी राहतात. जपानी लोक तोडणीआधी काही आठवडे झुडपांवर सावली धरतात आणि त्या पानांची भुकटी करतात, तिला 'माचा' म्हणतात. आंजीत माचा कुठून मिळणार? नातीनं ग्रीन टीच्या पुड्या फोडल्या, मिक्सरमधून काढल्या आणि मैद्याबरोबर चाळून घेतल्या. पोपटी रंग काही आला नाही, पण किंचित कडवट चव मात्र उतरली.

स्ट्रॉबेरीची कहाणी तर याहून गमतीची. फ्रेझिए नावाच्या एका फ्रेंच लष्करी अभियंत्यानं १७१४ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळांची रोपं फ्रान्सला नेली. ती तिथं वाढली, पण फळेनात. कारण आणलेली रोपं मादी होती. पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतली, व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लावली गेली, तेव्हा फळं धरली आणि दोहोंच्या संकरातून आजची मोठी, लाल स्ट्रॉबेरी जन्मली. हे कोडं ड्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं १७६६ मध्ये उलगडून मांडलं. आपल्याकडे हे फळ इंग्रजांबरोबर महाबळेश्वरला आलं. तिथल्या शेतकऱ्यांनी ते असं आपलंसं केलं, की २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. परक्या रोपाला घाम गाळणाऱ्यांनी आपलं केलं, ते असं.

राहता राहिलं भाजणं. केक भाजायला ओव्हन लागतो, म्हणून तो साहेबाचा पदार्थ, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा रोडगा काय आहे? कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात चहूबाजूंनी भाजलेला. कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावरही निखारे ठेवतात. खालून-वरून आच देण्याची विद्या आपल्या बायकांना कोणी विलायतेहून येऊन शिकवलेली नाही. नातीनं जाड बुडाच्या गंजात मीठ पसरलं, वर ताटली ठेवून त्यावर डबा ठेवला, झाकण लावलं आणि मंद गॅसवर पाऊण तास धीर धरला.

वर्ध्याला तर भट्टीचीही स्वतःची परंपरा आहे. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचं काम हाती घेतलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले, पण गायीच्या दूध-तुपाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचा विचार मागं उरला. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गायीच्या तुपाचा गोरसपाक आज पाहुण्यांबरोबर गावोगाव जातो. बिस्किटाच्या जातीचाच हा पदार्थ, पण त्याला परका म्हणायला कोणी धजत नाही. कारण त्यामागं गोठ्यातल्या गायीचा आणि तिच्या धन्याचा हिशेब आहे.

तोच हिशेब आपण केकला लावून पाहू. किराणा दुकानात टांगलेलं केकचं पाकीट आणि आंजीतल्या गंजातला केक यांत मगनवाडीच्या सवालाला कोण उतरतो? पाकिटातल्या केकात गावाचा वाटा फक्त खिशातल्या पैशाचा. घरच्या केकात दूध-लोणी घरच्या गायीचं, अंडी शेजारच्या कोंबडीची, स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या शेतकऱ्याची आणि मेहनत नातीची. मैदा आणि साखर गिरणी-कारखान्याची, हे खरं. चहाच्या मळ्यावरच्या बाईला त्यातून किती मिळालं, हा जुना प्रश्नही सुटलेला नाही. पण तो विचारण्याची सवय या जिल्ह्यानं लावून दिली आहे, ती सोडू नये. पदार्थ कुठं जन्मला यापेक्षा तो कोणाच्या हातून झाला आणि त्यावर कोणाचं पोट भरलं, हे पाहणं अधिक मोलाचं आहे.

केक कापला. आजींनी लहानसा तुकडा तोंडात घातला, जरा वेळ चघळला आणि एवढंच विचारलं, "दूध आपल्याच गायीचं होतं ना?" नात हो म्हणाली, तेव्हा त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला.