कायद्यातला एक शब्द: 'विवाहित'

आजचा एपिसोड छोटा आहे, पण बरेच दिवस डोक्यात होता.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होते. रूममेटला दिवस गेले होते. कंडोम फाटला होता. आठवडाभर ती धड झोपली नव्हती, जेवली नव्हती. दवाखान्यात गेलो तर काउंटरवर पहिला प्रश्न, "मिस्टर कुठेयत?" मला वाटलं, त्या बाईंचाच आगाऊपणा. नंतर कायदा वाचला, तर 'मिस्टर' तिथेही बसलेले!

जरा मागे जाऊ. 1860 च्या इंडियन पीनल कोडचं कलम 312: बाईचा जीव वाचवण्यासाठी नसेल तर गर्भपात हा गुन्हा, आणि तो करून घेणारी बाईही गुन्हेगार. मग ते चोरून व्हायचं, बायका जिवाला मुकायच्या. 1964 मध्ये केंद्राने समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. 1966 ला अहवाल आला, 1971 ला एमटीपी कायदा.

त्यात शरीरासोबत 'मानसिक आरोग्य' हेही कारण होतं. वर एक स्पष्टीकरण: गर्भनिरोधक फेल गेलं, तर नको असलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्याला गंभीर इजा आहे असं धरून चालता येईल. म्हणजे आपली तगमग सिद्ध करत बसायला नको. 1971 साली हे लिहिलं गेलं, भारीच ना?

पण कंडिशन होती: 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती', आणि साधन मुलांची संख्या मर्यादित ठेवायला वापरलेलं. सरकारचा एक डोळा लोकसंख्येवर होता, दुसरं काय. अविवाहित मुलीला बंदी नव्हती, पण साधन फेल गेलं तर तिचा मनस्ताप गृहीत नव्हता. तो डॉक्टरांना पटवायचा. आमच्या भाषेत, तिच्यासाठी एल्स ब्रँचच लिहिली नव्हती.

हे 50 वर्षं चाललं. 2021 च्या दुरुस्तीत शब्द बदलले: 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार'. तरी 20 ते 24 आठवड्यांच्या नियमांत घोळ उरलाच. 2022 मध्ये 25 वर्षांच्या एका अविवाहित मुलीला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात कोर्टाने सांगितलं, विवाहित-अविवाहित असा भेद चालणार नाही, आणि मानसिक आरोग्य म्हणजे नुसतं मानसिक आजार नसणं नव्हे.

आणि 18 पूर्ण असतील तर सही फक्त त्या मुलीची लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. हे तर 1971 पासूनच आहे. आम्हाला ठाऊक नव्हतं. रूममेटने नवऱ्याच्या रकान्यात सुचेल ते नाव लिहिलं, आणि नंबर येईपर्यंत ते विसरू नये म्हणून पुटपुटत बसली.