१ एप्रिल : कल्याण अधिकारी आणि एक त्रैमासिक

१९४९ साली याच तारखेस कारखाने अधिनियमाचा अंमल सुरू झाला आणि जेथे ५०० वा अधिक कामगार राबतात तेथे कल्याण अधिकारी नेमणे कलम ४९ अन्वये मालकांस बंधनकारक ठरले. पुढे शहाडला रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि पाळी सुटताच डबा सावरीत लोकल गाठणाऱ्या कामगारांसही हाच कायदा लागू झाला. मात्र हजेरीपटापलीकडच्या माणसाचा विचार करणारे ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे त्रैमासिक नागपाड्याच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने जून १९४० मध्येच काढले होते. अमेरिकेतील १९१७च्या ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’सारखे ते निव्वळ मानसशास्त्राचे नव्हे, आमच्या मते तेच त्याचे बळ. पुढे संस्थेबरोबर ते देवनारला गेले.