लेखणी आणि सोन्याचा वर्ख



छापील पुस्तक हातीं घेतांना तें कोणी रचिलें एवढेंच आपण विचारतों. तें कोणाच्या हातानें लिहिलें गेलें, हा प्रश्न आपणांस पडत नाहीं. मुद्रणकलेपूर्वीं मात्र प्रत्येक ग्रंथ कोणा तरी लेखकाच्या बोटांची व डोळ्यांची झीज सोसूनच सिद्ध होत असे. इ. स. ७०० च्या सुमारास इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावर बिशप एडफ्रिथ यांनीं चारी शुभवर्तमानें लिहिलीं, अशी नोंद त्या ग्रंथांतच दहाव्या शतकांत केलेली आढळते. पुढें पंधराव्या शतकांत गुटेनबर्ग यांचा छापखाना आला. आणि पीस तासणें, कातडें लेखनास योग्य करणें, सोनें चढविणें या विद्या क्रमाक्रमानें विस्मृतींत गेल्या.

विसरलेली विद्या परत मिळवावयाची, तर गुरु कोठून आणावा? लंडन येथें एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) यांनीं जुन्या पोथ्यांनाच गुरु केलें. लेखणीचें टोक रुंद कापून ती एकाच कोनांत धरिली असतां जाड व बारीक रेषा आपोआप उमटतात, हें मर्म त्यांनीं अक्षरें न्याहाळून ओळखिलें. १८९९ पासून ते ही कला शिकवूं लागले, व १९०६ सालीं त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याच परंपरेंतील सुलेखनकार डॉनल्ड जॅक्सन यांजवर अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांतल्या सेंट जॉन्स मठाच्या बेनेडिक्टाइन संन्याशांनीं १९९८ सालीं संपूर्ण बायबल हातानें लिहिण्याचें कार्य सोंपविलें. २००० सालच्या राखेच्या बुधवारीं, ८ मार्च रोजीं, लेखनास आरंभ झाला. २०११ च्या मे महिन्यांत शेवटचा शब्द उतरला. सात खंड, ११०० हून अधिक पृष्ठें, सुमारें १६० चित्रें आणि दोन फूट उंचीचें पान, असा हा ग्रंथ आहे. कोणती ओळ कोठें तुटावी हें संगणकावर ठरविलें. लिहिलें मात्र हातानेंच. वासराचें कातडें चुन्यांत भिजवून, ताणून व खरवडून पानें केलीं. हंस व टर्की पक्ष्यांच्या पिसांच्या लेखण्या तासल्या. जुन्या चिनी शाईच्या कांड्या पाण्यांत उगाळिल्या. सोन्यासाठीं प्लास्टर, पांढरें शिसें, साखर व सरस यांचा लेप देऊन तो वाळवावा. मग नळींतून त्यावर श्वास सोडावा. त्या ओलाव्यानें लेप चिकट होतो व वर्ख धरून ठेवितो. मनुष्याच्या श्वासावांचून सोनें बसत नाहीं!

इतकी दक्षता घेऊनही चूक झालीच. ज्ञानग्रंथांच्या खंडांत एक ओळ लिहावयाची राहून गेली. पान फाडून टाकावें, तर कित्येक दिवसांचे श्रम व्यर्थ. तेव्हां ती ओळ पानाच्या तळाशीं लिहिली, आणि एक मधमाशी कप्पी-दोरीनें ती योग्य ठिकाणीं ओढून नेत आहे, असें चित्र समासांत काढिलें. मध्ययुगांतील लेखकही अशाच युक्त्या करीत. दोष झांकला नाहीं. त्यालाच शोभा आणिली.

कोणी म्हणेल, यंत्र असतां हा खटाटोप कशाला? उत्तर आपल्या घरींच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. भाविकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्या मात्र टिकल्या, व त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुनः छापतां आलें. छापखान्यानें गमाविलेलें लेखणीनें राखिलें.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची एवढीच विनंती: आजीच्या पेटींत प्रार्थना-गीतांची हस्तलिखित वही सांपडली, तर ती रद्दींत घालूं नका. तिच्यांतलें एकेक अक्षर कोणाच्या तरी प्रेमळ हातानें उमटलें आहे.