लिंक उघडलीच नाही तर? मुंबई विद्यापीठाच्या २०२० च्या ऑनलाइन परीक्षेची गोष्ट

खोपोलीला लागून असलेलं साजगाव कार्तिकातल्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या विठोबाला लोक लाडाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात, कारण यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. कॉलेजच्या पोरांसाठी मात्र दसरा ते कार्तिकी हा काळ म्हणजे आधी परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी आणि मग यात्रा.

२०२० साली हे सगळं गणित बिघडलं.

साजगाव, खोपोली, कर्जत या पट्ट्यातली कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. म्हणजे निर्णय होतो मुंबईत आणि तो पाळायचा लांब, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठात सगळ्यांना एकच नियम लागतो, पण सगळ्यांच्या मोबाइलला रेंज सारखी नसते.

त्या वर्षी आधी परीक्षा घ्यायची की नाही, यावरच वाद झाला. राज्य सरकारने जूनमध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षा रद्द करायचं ठरवलं. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं की परीक्षा घ्यावीच लागेल. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला : राज्याला परीक्षा पुढे ढकलायची असेल तर यूजीसीकडे मुदत मागता येईल, पण परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही.

मग हातात उरला जेमतेम महिना. विद्यापीठाने मार्ग काढला तो असा : ५० मार्कांचा पेपर, एक तास, सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे, आणि परीक्षा घरातून. कॉलेजांचे गट केले आणि प्रत्येक गटात एका कॉलेजकडे पुढाकार दिला. सप्टेंबरच्या मध्यापासून प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर किंवा चक्क फोनवर झाल्या. रसायनशास्त्राचं टायट्रेशन फोनवर कसं करायचं, याचं उत्तर सोपं आहे : करायचं नाही, फक्त तोंडी सांगायचं. लेखी पेपरांसाठी १ ते १७ ऑक्टोबर या तारखा ठरल्या.

तीन वर्षं लांबलचक उत्तरं लिहायची सवय झालेल्या कला शाखेच्या मुलांना आता गोलावर टिचकी मारायची होती. ते एक वेळ जमलं असतं. खरी भीती लिंकची होती. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, आणि घरात स्मार्टफोन असलाच तर तो एक, भावंडं तीन. पुन्हा जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यातच धडकलं होतं. विजेचे खांब आडवे झाल्यावर काय होतं, हे जिल्ह्याने नुकतंच पाहिलेलं.

पहिला दणका मात्र गावाकडून आलाच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आयडॉलचे, म्हणजे दूरशिक्षणाचे, पेपर ऑनलाइन यंत्रणा कोलमडल्यामुळे पुढे गेले. हा सायबर हल्ला असल्याचं विद्यापीठाने सांगितलं.

दुसरा दणका १२ ऑक्टोबरचा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या यंत्रणेतला बिघाड हे कारण पुढे आलं. विद्यापीठाला त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले आणि ते १८ तारखेला ठेवले गेले. गंमत म्हणजे ज्या खोपोलीच्या पोरांच्या विजेची सगळ्यांना काळजी होती, त्याच खोपोलीतून टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवत आलंय.

बरं, लिंक उघडली नाही म्हणून कॉलेज गाठावं, तर लोकलही सर्वांसाठी खुली नव्हती. महिलांना सरसकट परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला, म्हणजे परीक्षा आटोपल्यावर. बाकीच्यांसाठी लोकल सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, तोही ठरावीक वेळांपुरता.

याच काळात दुसरं एक पीक जोमात आलं, वेबिनारचं. २ ऑक्टोबरला गांधी जयंती, १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. एरवी सभागृहात मुलं बोलावून आणावी लागतात असे कार्यक्रम झूम आणि गुगल मीटवर होऊ लागले. शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट मेलवर हजर. नॅकच्या मूल्यांकनात अशा कार्यक्रमांची नोंद लागते, त्यामुळे कॉलेजांनाही ते हवेच होते. कॅमेरा बंद ठेवून ऐकणारे किती आणि झोपणारे किती, ते कोणी मोजलं नाही. पण जो वक्ता एरवी खोपोली-कर्जतपर्यंत कधी आला नसता, तो मोबाइलच्या पडद्यावर येऊन बोलला, हेही तितकंच खरं. फक्त त्यासाठीसुद्धा रेंज लागायचीच.

त्या बॅचच्या मुलांना पुढे ‘कोविड बॅच’ म्हणून टोमणे ऐकावे लागले. गुणपत्रिका मात्र नेहमीचीच होती, आणि परीक्षा न घेता पदवी नाही हे कोर्टाने आधीच सांगून ठेवलेलं.

मधल्या काळात काही ठिकाणी कॉलेजं उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. राज्यातल्या कॉलेजांचे वर्ग पुन्हा भरायला सुरुवात झाली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. अट होती लसीच्या दोन डोसची.