नखाएवढ्या चित्राचा इतिहास



चित्र लहान करणें ही गोष्ट वरवर पाहतां अगदींच किरकोळ वाटते. संगणकाच्या पडद्यावर छायाचित्रांची रांग दिसते. त्यांतील एकावर आपण बोट ठेवतों आणि मूळचें मोठें चित्र समोर येतें. रांगेंतील त्या इवल्याशा चित्रास इंग्रजींत थंबनेल, म्हणजे अंगठ्याचें नख, असें म्हणतात. आपण त्यास नखचित्र म्हणूं. हें नखचित्र कसें घडत आलें, आणि त्यावरून न्यायालयापर्यंत वाद कां गेला, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रारंभ १९५७ सालीं झाला. अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल किर्श व त्यांचे सहकारी यांनीं छायाचित्र वाचून त्याचे आंकडे करणारें यंत्र तयार केलें. किर्श यांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें, पांच सेंटिमीटर लांबीरुंदीचें छायाचित्र त्यांत घातलें. यंत्रानें त्याचे उभे १७६ व आडवे १७६ भाग पाडले. सारें बाळ ३०,९७६ ठिपक्यांत सामावलें. याहून अधिक ठिपके ठेवण्यास त्या संगणकाच्या स्मृतींत जागा नव्हती. पहिल्या अंकचित्रास लहान असण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. पुढें चित्रें वाढलीं, तेव्हां त्यांना मुद्दाम लहान करण्याचा प्रश्न उद्भवला.

तो प्रश्न खरा तीव्र झाला इंटरनेटच्या आरंभींच्या काळांत. १९९८ च्या सुमारास घरोघरीं जोडणी असे ती टेलिफोनच्या तारेची. तिची उत्तम गतिही सेकंदास ५६ हजार बिट, म्हणजे सात हजार बाइट एवढीच. एक लाख बाइटांचें चित्र येण्यास सुमारें चौदा सेकंद लागत. एखाद्या संकेतस्थळाच्या पानावर अशीं वीस चित्रें असलीं, तर वाचकानें जवळजवळ पांच मिनिटें नुसतें बसून राहावयाचें! तींच चित्रें चार चार हजार बाइटांच्या नखचित्रांच्या रूपानें पाठविलीं, तर सारें पान बारा सेकंदांत येई. वाचकानें नखचित्रें पाहावीं, हवें तें निवडावें, आणि तेवढेंच मोठें मागवावें, अशी ही व्यवस्था होती.

आतां लहान करणें म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असें छायाचित्र घ्या. त्यांत एक कोटि वीस लाख ठिपके झाले. तें १६० रुंद व १२० उंच एवढें करावयाचें, तर नखचित्राच्या एकेका ठिपक्याच्या वांट्यास मूळचे ६२५ ठिपके येतात. यांतील एक ठेवून उरलेले ६२४ टाकून द्यावे, हा सर्वांत सोपा उपाय. परंतु त्यांत मोठा धोका आहे. चित्रांतील मनुष्याचा सदरा बारीक रेघांचा असला, तर निवडलेला ठिपका कधीं रेघेवर पडतो, कधीं दोन रेघांमधील मोकळ्या जागेवर. आणि लहान चित्रांतील सदऱ्यावर मूळांत कोठेंच नसलेले रुंद पट्टे उमटतात.

याची मीमांसा संगणकीय चित्रांच्या पूर्वींच होऊन गेली होती. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं तारायंत्राच्या संदर्भांत मांडलेल्या विचारास क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं रेखीव गणिती रूप दिलें. जो चढउतार टिपावयाचा, त्याच्या दुपटीहून अधिक वेळां नोंद घेतली नाहीं, तर भलताच चढउतार हातीं लागतो. म्हणून जे बारकावे लहान चित्रांत मावणारे नाहींत, ते आधींच मवाळ करून घ्यावे लागतात. ६२५ ठिपक्यांची सरासरी काढणें हा त्याचा साधा प्रकार. मग सदऱ्याच्या रेघा नाहींशा होऊन तो नुसता करडा दिसतो. तो अपुरा असतो, पण खोटा नसतो.

या कथेंत एका भारतीयाचाही वांटा आहे. बंगलूर येथें १९४० सालीं जन्मलेले नासिर अहमद यांनीं नटराजन व राव या सहकाऱ्यांसमवेत १९७४ सालीं एक गणिती पद्धति प्रसिद्ध केली. १९९२ सालीं ठरलेला जेपेग हा चित्रप्रकार तिच्यावरच उभा आहे. त्यांत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनाचा पहिला आंकडा त्यांतील चौसष्ट ठिपक्यांच्या सरासरीचा द्योतक असतो. हे पहिले आंकडे तेवढे वेंचून काढले, कीं लांबीरुंदीनें एक-अष्टमांश असें चित्र आयतें मिळतें. मोठ्या चित्राच्या पोटांत त्याचें नखचित्र आधींच निजलेलें असतें!

तथापि सर्वांत मोलाचा प्रश्न उभा राहिला तो मालकीचा. पश्चिम अमेरिकेचे देखावे टिपणारे छायाचित्रकार लेस्ली केली यांचीं चित्रें अरीबा सॉफ्ट या कंपनीनें त्यांच्या अनुमतीवांचून लहान करून आपल्या शोधसूचींत ठेवलीं. केली यांनीं दावा लावला. अपील न्यायालयानें २००३ सालीं नखचित्रांपुरता निर्णय कंपनीच्या बाजूनें दिला. त्याचें एक कारण लक्षांत ठेवण्याजोगें आहे: नखचित्र मोठें करूं गेल्यास तें अस्पष्ट होतें, म्हणून तें मूळ चित्राची जागा घेऊं शकत नाहीं. त्याचा उणेपणाच त्याच्या बचावास आला.

परंतु या उणेपणासही मर्यादा आहे. लहान करतांना चित्राचा कोणता भाग दाखवावा, हें ठरविण्याचें काम ट्विटरनें यंत्राकडे सोंपविलें होतें. २०२० सालीं लोकांनीं तक्रारी केल्या. २०२१ सालीं कंपनीच्याच तपासणींत तें यंत्र गोऱ्या चेहऱ्यांना व स्त्रियांच्या चेहऱ्यांना थोडें झुकतें माप देतें असें आढळलें, आणि ती पद्धति मागें घेण्यांत आली. येथें ठिपक्यांची सरासरी बरोबर असूनही निवड चुकली होती.

नखचित्र हें दाराशीं उभ्या असलेल्या निरोप्यासारखें आहे. सारी हकीकत त्यास सांगतां येणार नाहीं, आणि कोणी तशी अपेक्षाही करूं नये. मात्र जेवढें तो सांगेल, तेवढें मूळास धरून असलें पाहिजे.